दुभाष्याचं मत

सकाळी सातला तिने गाडीचं पुढचं दार उघडलं, तर तिच्या जागेवर एक माणूस डोळे मिटून बसला होता.

चक्क डोळे मिटून! दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, चष्म्याच्या काचांवर पावसाचे चार थेंब, आणि शेजारी ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर कपाळाला हात लावून बसलेले.

"उघडा हो डोळे, कोर्टसाहेब," मास्तर म्हणाले. "गाडी अजून उभीच आहे."

"म्हणूनच मिटलेत. चालू झाली की उघडे ठेवावेच लागतात."

"एक्सक्यूज मी," ती भुरभुर पावसात भिजत म्हणाली. "सातची वेळ माझी आहे. मी पैसे भरलेत."

"त्यांनीही भरलेत," मास्तर म्हणाले. "गाडी एक, शिकणारे दोन. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे बसून बघायचं. दुसऱ्याच्या चुकांतून माणूस जास्त शिकतो, ताई."

तेव्हा कुठे त्या माणसाने वळून तिच्याकडे पाहिलं. ओशाळलेला होता, पण डोळ्यांत हसू होतं. "मग तुमची आज चंगळ आहे," तो म्हणाला. "बसा मागे. पट्टा लावा. आणि काही घट्ट धरायला मिळालं तर धरा."

ती धाडकन दार लावून मागे बसली. आधीच वैतागलेली होती, आता आणखी वैतागली.

वैतागायला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी तिचा सीएचा शेवटचा निकाल लागला होता. पास! इतकी वर्षं तिला वाटायचं की एकदा हा निकाल लागला की सगळं संपलं, मग नुसतं गार वाऱ्यात बसायचं. पण झालं भलतंच. लोक अभिनंदन करायचे, हात हातात घ्यायचे, आणि हात सोडायच्या आत विचारायचे, "मग, आता पुढे काय?" इस्त्रीवाल्याने विचारलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात अडवून विचारलं. दातांच्या डॉक्टरने तर तिच्या तोंडात आरसा घातलेला असताना विचारलं, आणि वर उत्तराची वाटही पाहिली.

घरात तर विचारायलाच नको. बाबा स्वतः जुने सीए. औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांचं त्यांचं ऑफिस, तिथे जुन्या कागदांचा आणि खालून येणाऱ्या औषधांचा मिळून एक वास कायम भरलेला. त्यांनी "ये" असं एकदाही म्हटलं नाही. फक्त नवीन पाटी रंगवून आणली. वर त्यांचं नाव, आणि खाली ताज्या रंगात 'आणि कन्या'. ती वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी खुर्चीमागे भिंतीला टेकवून ठेवली होती. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. पाटीशी कोण भांडणार?

आत्याचं तसं नव्हतं. ती बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली, त्यामुळे तिची सगळी वाक्यं सही-शिक्क्याची असायची. तिच्याच ओळखीने मुलाखत झाली होती, आणि लांबच्या शहरातल्या एका भल्यामोठ्या कंपनीचं पत्रही आलं होतं. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही. "तुझ्या बापाने जन्मभर दुसऱ्यांचे रिटर्न भरले, खारू," आत्या म्हणायची, बापासमोरच. "आता तूही तेच करणार?" मग भाऊ-बहीण तिच्या डोक्यावरून भांडायचे. आणि आई? आई म्हणाली, "आधी चांगली झोप काढ. बाकी नंतर." दोन दिवसांनी तीच आई म्हणाली, "किती झोपतेस गं?"

तेव्हा खारूने ड्रायव्हिंगचा क्लास लावला. लहानपणी दोन्ही गालांत खाऊ साठवून ठेवायची म्हणून पडलेलं नाव, पंचविशी उलटली तरी सुटलं नव्हतं. तिचा हिशेब सरळ होता. रोज सकाळी एक तास तरी 'पुढे काय' याचं उत्तर सोपं असेल. पुढे सिग्नल.

आणि आता तो तासही वाटून घ्यायचा, डोळे मिटून गाडी चालवणाऱ्या माणसाबरोबर!

*

"तुम्ही वकील का?" चौथ्या दिवशी तिने मागून विचारलं. मास्तर त्याला 'कोर्टसाहेब' म्हणायचे म्हणून.

"छे. वकिलांना स्वतःचं काहीतरी म्हणणं असतं. मी दुभाषी." गाडी एक गचका खाऊन बंद पडली. "ज्यांना कोर्टाची भाषा येत नाही, त्यांच्या शेजारी उभं राहायचं आणि ते बोलतील ते जसंच्या तसं सांगायचं. ते 'मी' म्हणाले की आपणही 'मी'च म्हणायचं. परवा मी दिवसभर एक घटस्फोटित बाई होतो. काल दुपारी मी दोन कोंबड्या चोरल्या."

"आणि?"

"सुटलो. पुरावा नव्हता."

तिला हसू आलं. ते तिने खिडकीबाहेर बघून लपवलं, पण आरशात त्याला दिसलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. याचे कान लाल होतात, हे तिच्या लक्षात आलं... आणि एका बाहीचं बटण रोज चुकीच्या काजात असतं, हेही. असल्या गोष्टी लक्षात यायला तिला मुळीच वेळ नव्हता. तरी आल्या.

तिची पाळी आली की तो मागे बसायचा, आणि मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "क्लच! अहो क्लच! ते पायपुसणं वाटलं का तुम्हाला?"

मागून शांत आवाज यायचा, "मास्तरांचं म्हणणं असं, की पाय जरा अलगद उचलावा."

"मी असं नाही म्हणालो!"

"आशय तोच आहे."

"मरायचंय का? त्या ट्रकच्या खाली घालणार का मला?"

"मास्तरांना त्यांचं कुटुंब आठवतंय."

ती हसता हसता गिअर चुकायची, आणि मास्तर दोघांच्या नावाने बोटं मोडायचे.

मग एके दिवशी सिग्नलला थांबलेले असताना तो म्हणाला, "तुम्ही हिशेबातल्या ना? मला एक सांगा. सस्पेन्स खातं म्हणजे नक्की काय?"

"का?"

"काल साक्षीत आलं. मी 'रहस्यमय खातं' असं सांगितलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, कसलं रहस्य?"

निकालानंतर ती पहिल्यांदाच अशी पोट धरून हसली. डोळ्यांतून पाणी आलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. "रहस्यमय!... अहो, तुमच्या घरात एक ड्रॉवर असेल बघा. एखादी वस्तू कुठे ठेवायची ते कळलं नाही की आपण त्यात टाकतो. म्हणतो, नंतर बघू. तसं ते खातं. रक्कम आली, पण कुठे लिहायची ठाऊक नाही, तर तोवर तिथे टाकायची. फक्त तो ड्रॉवर नंतर रिकामा करायचा असतो. लबाड लोक करत नाहीत. नको ते सगळं त्यातच कोंबतात."

"आमच्याकडे तो ड्रॉवर म्हणजे अख्खा पलंग आहे," मास्तर म्हणाले. "हिरवा झालाय, कोर्टसाहेब. निघा!"

तो निघाला नाही. वळून तिच्याकडेच बघत राहिला. "तीन तास एक तज्ज्ञ हेच समजावत होता," तो म्हणाला. "कुणाला काही कळलं नाही."

*

त्याची एक गोष्ट तिला फार आवडायची. त्याने कधी विचारलं नाही, 'आता पुढे काय.'

म्हणून एका सकाळी मास्तर पेट्रोल भरायला गेलेले असताना, चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभं राहून, तिने स्वतःच त्याला सगळं सांगितलं. कंपनीचं पत्र, बाबांची पाटी, आत्या, इस्त्रीवाला, सगळं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो मान किंचित तिरकी करून ऐकत होता, एकही शब्द सांडू नये असा.

"मग?" ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" त्याने चहाचा ग्लास या हातातून त्या हातात घेतला. "माझ्या वाटण्याचं काय... तुमचं तुम्ही ठरवाल."

त्या क्षणी तिला इतकं हलकं वाटलं! जगात एक तरी माणूस असा भेटला, जो सल्ला देत नाही. त्या दिवशी तिने गाडी पहिल्यांदाच गचका न देता सुरू केली.

चार दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. "तुमचं तुम्ही ठरवाल." बरं. आठवड्याने पुन्हा. "तुमचं तुम्ही..." या वेळी तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. हँडब्रेक खेचावासा वाटला.

कारण एव्हाना भानगड अशी झाली होती की लांबच्या शहराचं पत्र समोर आलं की तिला तिथला पगार आठवायच्या आधी सकाळचे सात आठवत होते. याला ते कळायला नको? दुसऱ्याच्या तोंडातलं अर्धं वाक्य याला कळतं, मग हे कसं कळत नाही? आणि कळत असेल, तर बोलायला काय होतं?

त्याच आठवड्यात भर पावसात गाडीचे वायपर बंद पडले, तेही नेमके बाबांच्या ऑफिसच्या खाली. मास्तर मेकॅनिकला फोन लावत बसले, आणि ही दोघं धावत जिना चढून वर गेली. बाबांनी टॉवेल दिला, चहा मागवला. खुर्चीमागची पाटी त्याने पाहिली. वर्तमानपत्राचा कोपरा फाटला होता, त्यातून 'कन्या' तेवढं दिसत होतं.

बाबांचा नुकताच आत्याशी फोन झाला असावा. चेहरा उतरलेला होता. ते एकदम म्हणाले, "तुम्ही कोर्टातले. रोज दोन्ही बाजू ऐकता. तुम्हीच सांगा हो, हिने काय करावं?"

खारूने श्वास रोखला. त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही तिच्याकडे पाहिलं... एक पळभर वाटलं, आता बोलतो. ओठ उघडलेही.

"त्यांचं त्या ठरवतील," तो म्हणाला.

जिना उतरताना ती एकेक पायरी अशी आपटत होती की औषधवाला दुकानातून बाहेर डोकावला.

"काय झालं?" तो मागून म्हणाला.

"तुम्हाला कशाबद्दलच काही वाटत नाही का हो?"

"वाटतं ना."

"मग बोला की!"

"मला... तशी सवय नाही. दिवसभर—"

"मी तुमची साक्षीदार नाहीये!" ती गर्रकन वळली. "माझ्या शेजारी उभं राहून माझंच म्हणणं मला परत ऐकवू नका. ज्यांना मी विचारलं नाही ते सगळे मला अक्कल शिकवताहेत. आणि ज्याला विचारतेय—"

ती थांबली. वाक्य भलतीकडेच निघालं होतं.

"ज्याला विचारताय... त्याचं काय?" त्याने अगदी हळू विचारलं.

"तो मख्ख आहे!" ती म्हणाली, आणि छत्री न घेता पावसात चालू लागली.

*

त्यानंतरचे क्लास कसले, मौनव्रतच. ती चालवायची, तो मागे. तो चालवायचा, ती मागे. आरशात नजर भिडली की दोघं घाईघाईने रस्त्याकडे बघायचे. शेवटी मास्तरच कंटाळले. "अहो, दोघांच्या तोंडाला कुलूप लागलंय का? मला शिव्या द्यायला हुरूप येत नाही."

त्या दिवशी उतरताना तो दारापाशी घुटमळला. "उद्या त्या ड्रॉवरच्या खटल्याची पुढची तारीख आहे. आमचं कोर्ट सगळ्यांना खुलं असतं." मग घाईने म्हणाला, "हे मत नाही. माहिती आहे."

ती मनात म्हणाली, गेलास उडत. आणि दुसऱ्या दिवशी अकराला कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसली.

साक्षीला एक म्हातारी होती. परक्या मुलखातून लग्न होऊन आलेली. नवरा आणि दीर मिळून कौलांचा कारखाना चालवायचे. नवरा गेला, आणि दिराने कागद पुढे केले की वहिनी, तुमच्या वाट्याला काही उरलेलं नाही. म्हातारी तिच्या भाषेत खालच्या आवाजात बोलत होती, आणि तिच्या शेजारी उभा असलेला तो, बाहीचं बटण चुकवलेला, स्पष्ट आवाजात म्हणत होता, "मी सही केली, कारण दीर म्हणाला कर. मी शाळेत गेले नाही. पण मी मूर्ख नाही." तो 'मी गेले नाही' म्हणाला आणि कुणी हसलं नाही. खारूच्या अंगावर काटा आला.

मग दिराचा हिशेबनीस उभा राहिला. त्याने असे काही शब्द फेकायला सुरुवात केली की खारूलाच राग यायला लागला. तिला सगळं कळत होतं, म्हणूनच जास्त. नवऱ्याच्या वाट्याच्या रकमा सस्पेन्स खात्यात कोंबल्या होत्या, एवढी साधी गोष्ट तो मुद्दाम गुंतागुंतीची करत होता! दुभाषी म्हातारीच्या कानाशी एकेक वाक्य नेत होता, आणि म्हातारी नुसती मान हलवत होती, कळलं नाही म्हणून. शेवटी त्याने हात वर केला. "दुभाष्याला पदरचं सांगता येत नाही. या शब्दाचा खुलासा हवा आहे." न्यायाधीशबाई वैतागल्या, घड्याळाकडे पाहिलं, आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

बाहेर व्हरांड्यात म्हातारी बाकावर बसली होती. तिची वकीलबाई फाइल चाळत "आता हिला काय सांगू?" असं पुटपुटत होती. खारूला स्वतःला कळायच्या आत ती पुढे झाली होती. "मी सांगू का? मी सीए आहे." वकीलबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सांगा बाई, देवासारख्या आलात."

ती म्हातारीसमोर उकिडवी बसली आणि बोलू लागली. घर, ड्रॉवर, नंतर बघू म्हणून टाकलेल्या वस्तू. शेजारी तो उभा राहिला आणि तिचं एकेक वाक्य म्हातारीपर्यंत पोचवू लागला. त्या अनोळखी भाषेत तिला एकही शब्द कळत नव्हता, पण सूर कळत होता. ती थांबली की तो थांबायचा, ती हातवारे करायची तिथे त्याचेही हात हलायचे. म्हातारीच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली. मग ती काहीतरी म्हणाली.

"मग त्या ड्रॉवरची किल्ली कुणाकडे होती?" त्याने सांगितलं.

खारू उठूनच उभी राहिली. "अगदी हेच! हेच विचारायला हवं कोर्टात! त्या खात्यात नोंदी करायचा अधिकार कुणाला होता? बघा, नोंदींवर सही कुणाची आहे ते बघा!" तिचा चेहरा फुलला होता, केस विस्कटले होते. तो म्हातारीला हे सांगायचं विसरला. नुसता तिच्याकडे बघत राहिला. म्हातारीनेच त्याला कोपराने ढोसलं.

"हे असं कोर्टात उभं राहून सांगणारं माणूस मिळत नाही हो," वकीलबाई म्हणाल्या. "एक बाई आहेत, दुसऱ्या गावात, तीन तासांवर. कोर्टासाठी हिशेबातली लबाडी शोधणं, एवढंच काम करतात. हाताखाली माणसं शोधताहेत. पगार बेताचा, आणि काम मात्र ढीगभर. नंबर देऊ?"

आणि गंमत बघा, जो निर्णय तीन महिने आत्या, बाबा, इस्त्रीवाला आणि दातांचा डॉक्टर मिळून होत नव्हता, तो तिथे उभ्या उभ्या झाला. तिने नंबर घेतला. त्याला तिने विचारलं नाही. त्यानेही काही विचारलं नाही. कोर्टाची घंटा वाजली आणि तो आत गेला.

*

तीन तासांवरच्या त्या बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, "कंटाळा किती सहन होतो?" आणि घेतलं.

आत्याने फोनवर आकाशपाताळ एक केलं. "लक्ष्मी चालून आली आणि तू दार लावून घेतलंस!" खारूने फोन कानापासून लांब धरला आणि आत्या दमेपर्यंत तसाच धरून ठेवला. बाबांना सांगायला मात्र ती ऑफिसात गेली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, मग बराच वेळ पुसतच राहिले.

"मला वाटलं होतं, दोन वर्षांत तुझ्या हाती देऊन जरा पाय पसरावेत," ते म्हणाले. रागावले नव्हते. थकलेले होते, आणि ते त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं. "ठीक आहे. कुणीतरी हाताखाली घेतो. पाटीवरचं 'आणि कन्या' पुसून घ्यायला सांगतो."

"असू द्या की, बाबा," ती म्हणाली. "कन्या तर आहेच ना मी."

बाबा हसले. हसताना नाक ओढलं.

*

लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. पुढे परीक्षक, जाडजूड मिशांचे, मांडीवर कागद. पहिली पाळी त्याची. ती मागे. मास्तर मैदानाच्या कठड्यावर बसून नखं खात होते.

गाडी सुरळीत निघाली. पहिलं वळण झालं, चढ झाला. मग त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं.

"तुम्ही... कंपनीला कळवलंत?"

"कळवलं. नाही म्हणून."

त्याचे खांदे खाली आले. "म्हणजे बाबांकडे."

"नाही. त्या बाईंच्या ऑफिसात. एक तारखेपासून. राहायलाही तिकडेच."

गाडी थांबली. भर रस्त्यात, मध्यावर.

"थांबायला कुणी सांगितलं?" परीक्षक म्हणाले.

"मला हे आवडलेलं नाही," तो म्हणाला.

"काय आवडलं नाही?"

"तुमचं नाही साहेब, त्यांचं." तो पुरता मागे वळला. कानांच्या पाळ्या लालबुंद. "तुम्ही जाताय ते. मला मुळीच आवडलेलं नाही. आणि गेला नाहीत, तर... तर ते त्याहून आवडणार नाही. तुम्ही त्या म्हातारीशी बोलत होता, आणि मी तुमचं 'मी' म्हणत होतो ना... तेव्हा मला... म्हणजे रोज इतक्या जणांचं म्हणतो, पण हे एक असं होतं की त्याच्या शेजारी... उभं राहायला... नेहमी..." तो अडखळला. "वाक्य जुळत नाहीये."

"नाही जुळलं तरी चालेल," ती म्हणाली. "बोल."

तो एकेरी 'बोल' तिच्या तोंडून कसा निसटला, तिलाच कळलं नाही. त्याला मात्र कळला. त्याने चष्मा काढला, परत घातला.

मागे हॉर्न सुरू झाले होते. "अहो, हे काय चाललंय?" परीक्षक कडाडले. "मला कळेल अशा भाषेत सांगाल का कुणी?"

"मी यांच्या प्रेमात पडलोय," तो म्हणाला. एका दमात, एकही शब्द न अडखळता.

परीक्षकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कागदावर लिहिलं. ती मागून वाकून वाचत होती. 'विनाकारण रस्त्यात गाडी थांबवली.'

"विनाकारण नाही हो!" ती म्हणाली.

तो नापास झाला. तिची पाळी आली तेव्हा तिला गालांतलं हसू आवरत नव्हतं, आणि तरीही ती पास झाली. मास्तर कठड्यावरून उठून आले आणि डोक्याला हात लावून म्हणाले, "इतके दिवस घसा फोडला! आणि कोर्टसाहेब काय शिकले, तर थांबायला."

*

एक तारखेला ती गेली. रडारड झाली नाही. सामान चढवताना तो एवढंच म्हणाला, "शनिवारी येतो."

आणि आता तो शनिवार होता, आणि ती नव्या गावाच्या बस स्टँडवर उभी होती, वैतागून. बस उशिरा. चौकशीच्या खिडकीवर कुणी नाही. तिने आठवडाभर त्या बाईंच्या ऑफिसात एका कंपनीच्या खोट्या पावत्या उलथ्यापालथ्या केल्या होत्या, डोळे चुरचुरत होते, तरी दुपारी घरी जाऊन तिने चांगला कुडता घातला होता, आणि आता तो पावसाने पार चुरगळला होता.

बस आली. तो सगळ्यांच्या शेवटी उतरला. चेहरा हिरवट, एक बूट चिखलात.

"कसा झाला प्रवास?"

"भिकार," तो म्हणाला. "बस म्हणजे खटारा. रस्ता त्याहून वाईट. हा स्टँड कुणी बांधला, त्याला शिक्षा व्हायला हवी. तू बारीक झालीस, ते मला पसंत नाही. आणि हा कुडता मात्र..." तो थांबला. "हा छान आहे. फार छान."

ती बघतच राहिली. "झालं? की अजून आहे?"

"खूप आहे. इतकी वर्षं साठलंय." मग त्याने पिशवी खाली ठेवली आणि जरा चाचरत म्हणाला, "पण एक विचारू? माझं मी त्या मिशाळ साहेबांच्या देखत सगळं बोलून मोकळा झालो. तू... तू अजून काहीच बोलली नाहीयेस."

ती बोलायला गेली आणि तिच्या लक्षात आलं, खरंच की. याला मख्ख म्हणाली, याच्यावर चिडली, याच्या 'बोल'साठी जीव टाकला. पण स्वतः? पॅक करण्यात, भांडण्यात, पळण्यात ते राहूनच गेलं होतं. आणि हा माणूस तेवढ्या न बोललेल्या शब्दांवर विसंबून तीन तास त्या खटाऱ्यात हाडं मोडून घेत आला होता.

"तुमचं तुम्ही—" तो सवयीने सुरू झाला.

"गप्प बस," ती म्हणाली. दोन्ही हातांनी तिने त्याची बाही धरली आणि चुकीच्या काजातलं ते बटण काढून नीट लावलं. लावून झालं तरी हात सोडला नाही. "मला तू आवडतोस. चिक्कार वैताग आणतोस, पण आवडतोस. आणि पुढच्या शनिवारी मी येणार आहे, भाड्याची गाडी घेऊन, कारण तुझ्याच्याने ती परीक्षा काही पास व्हायची नाही."

"हे तुझं मत झालं."

"माहिती आहे ही," ती म्हणाली.

"अहो, पुढे सरका की!" मागून कंडक्टर ओरडला. "बस मागे घ्यायचीय!"

तिने त्याची पिशवी उचलली. छत्री एकच होती, लहान. तिच्याखालून दोघं निघाले, निम्मे निम्मे भिजत, आणि रस्ता ओलांडायच्या आतच त्याने त्या छत्रीबद्दलही बोलायला सुरुवात केली होती.